बोरूंच्या बेटाची ओळ

लेखनसाहित्याला वाचा होती त्या काळी नदीकाठचे बोरूंचे बेट तोडले गेले आणि त्यातला एकच बोरू लेखणी होऊन पाठशाळेत आला. आपले घर कागदावर तरी टिकावे, एवढीच त्याची इच्छा होती. शाई पुसता येत नसे, म्हणून त्याने आधी वृद्ध धूळपाटीवर लिहिले, ‘आमचे बेट फार सुंदर होते.’

“असं तर कुठलंही बेट असेल रे!” धूळपाटी म्हणाली.

“मग तूच सुधार ना, आजी.”

“मी नदी पाहिलीये का, वेड्या? वारा सुटला की तुम्ही काय करायचात?”

धूळ सारखी करून बोरूने लिहिले, ‘वारा सुटला की आम्ही एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकवायचो.’

“आता शाई घे,” आजी म्हणाली.

शाई वाळताना कागद हलकेच सळसळला. तो आवाज बोरूच्या ओळखीचा होता.