दाजीसाहेबांची बिनविरोध पोस्ट

दाजीसाहेबांनी फोन टेबलावर आपटला. "उद्या संध्याकाळपर्यंत मला अशी एक पोस्ट हवी, जिच्याखाली विरोधकांचासुद्धा एक वाकडा शब्द नको. कुणाला पैसे द्यायचे नाहीत, दम द्यायचा नाही, कॉमेंट पुसायची नाही. जमलं नाही तर परवापासून येऊ नकोस!"

समोर उभी होती वैजयंता, कासारआळीतल्या बांगडीवाल्याची मुलगी. नगराध्यक्षपदाच्या या उमेदवाराच्या पोस्ट तीच लिहायची आणि तिच्या पगारावर घरची चूल पेटायची. पण साहेबांनी नुसतं "सुप्रभात" टाकलं तरी खाली कुणीतरी विचारायचंच, "गटार कधी?" कौतुकासाठी पाळलेली पोरं तर काही न वाचताच "एकच वादा, दाजीदादा" चिकटवायची. साहेबांची मावशी वारली त्या दिवशीही त्यांनी तेच चिकटवलं होतं, वर गुलाल.

"साहेब, तुमच्या नावाने काहीही लिहू?"

"लिही. मी काढायला लावणार नाही. शब्द दिला."

सकाळी तिने पोस्ट टाकली. संध्याकाळी साहेब चष्मा लावून कॉमेंट वाचायला बसले. "मन जिंकलंत." "नेता असावा तर असा." समोरचे उमेदवार भानुदास खैरमोडे यांनीही हात जोडले होते, "मतभेद विसरून मनापासून अभिनंदन." गटारवाल्यानेही लिहिलं होतं, "गटाराचं नंतर बघू, आधी हे होऊ द्या."

साहेब फुलून गेले. मग त्यांनी मूळ पोस्ट वाचली.

"आजपासून मतदानापर्यंत मी एकही पोस्ट टाकणार नाही, भाषण करणार नाही. माझं गाणं वाजवत फिरणारी रिक्षाही बंद. आपला, दाजी."

साहेबांचा चेहरा पडला. "अगं, मी गप्प बसलो तर प्रचार कसा व्हायचा?"

"साहेब, गाव पहिल्यांदाच तुमच्या बाजूने बोलतंय. मध्ये तोंड घालू नका."

 साहेबांचं पोट हलू लागलं आणि ते खो खो हसत सुटले. "बरं, लिहायचंच नाही तर तुला पगार कशाचा देऊ?"

"आजवर तुम्हाला बोलतं ठेवायचा घेत होते, आता गप्प ठेवायचा घेईन. हे काम जास्त जड आहे, साहेब."

साहेबांनी डोळे पुसले, तिथल्या तिथे तिचा पगार दुप्पट केला आणि आपला फोन तिच्याच पर्समध्ये टाकला.