पाठमोरी रांग

एकदा एका नदीकाठच्या गावी एक वृद्ध छायाचित्रकार राहत असे. त्याचे दुकान केव्हाच बंद झाले होते, पण नजर शाबूत होती आणि जीभ त्याहूनही शाबूत होती. सारा गाव त्याला नाना म्हणे. नानांकडे एक शिष्या शिकत असे. ती कुणाच्या नोकरीत नव्हती. बोलावणे येईल तिकडे कॅमेरा खांद्याला लावून जायचे, हाच तिचा उद्योग.

बोलावणी तरी कसली कसली येत! बारसे, मुंज, डोहाळजेवण, नव्या ट्रॅक्टरची पूजा. "नवरीला जरा उजळ करा हो," असे एक सांगे. "आजोबांचे डोळे मिटलेत, ते उघडून द्या," असे दुसरा सांगे. एका गृहस्थाने तर सहकुटुंब काढलेल्या छायाचित्रातून थोरल्या वहिनीला अलगद काढून टाकता येईल का, असे विचारले होते, आणि थोरल्या वहिनी तेव्हा शेजारच्याच खोलीत पोहे करत होत्या. शिष्या हे सारे मुकाट्याने करी. पोट कुणाला चुकले आहे?

पण तिचे एक स्वतःचे काम होते. त्यासाठी तिला कुणी बोलावलेले नव्हते. सवड मिळाली की ती बाजारपेठेत जाई आणि तिथल्या माणसांच्या हातांची छायाचित्रे काढी. फुलारणीचे गजरा गुंफणारे हात, न्हाव्याचे वस्तरा परजणारे हात, सगुणाबाई कासारणीचे चुडा भरणारे हात. या सगुणाबाईंवर तिचा विशेष जीव होता. नव्या नवरीचा हात हातात घेऊन, तिला बोलण्यात गुंतवून, काच न फोडता आणि कातडी न दुखवता बांगडी चढवण्यात त्यांचा हात धरणारे कुणी नव्हते. चुडा भरून झाला की रीतीप्रमाणे ती मुलगी कासारणीला वाकून नमस्कार करी. तो नमस्कार सगुणाबाई फार ताठ बसून घेत.

या छायाचित्रांचे प्रदर्शन मांडावे अशी शिष्येची मनापासून इच्छा होती. गावातल्या साड्यांच्या मोठ्या व्यापाऱ्याने, ज्याला सगळे शेठजी म्हणत, आपल्या दुकानावरचा हॉल तिला त्यासाठी देऊ केला होता. शेठजींच्या साड्यांच्या कॅटलॉगचे कामही तिच्याकडेच असे. एवढा मोठा माणूस पाठीशी आहे म्हटल्यावर तिला आभाळ ठेंगणे झाले होते.

त्या वर्षी श्रावणात नदीला पूर आला. बाजारपेठ पाण्याखाली गेली. सगुणाबाईंच्या दुकानातली काच चिखलात मिसळली आणि पाणी ओसरल्यावर ती फावड्याने ओढून बाहेर टाकावी लागली.

शेठजींचे दुकान उंचावर असल्याने वाचले होते. त्यांनी पूरग्रस्तांना धान्य आणि चादरी वाटण्याचे ठरवले. हे चांगलेच झाले. नाही म्हणणारा करंटा. शेठजींच्या अंगणात मांडव पडला, टेबलावर पिशव्यांचा ढीग लागला, आणि शिष्येला निरोप आला की छायाचित्रे काढायला यावे, नानांनाही आणावे, सर्वांत उत्तम छायाचित्राचा मोठा फ्लेक्स करून चौकात लावायचा आहे.

कार्यक्रम सुरू झाला. बायकांची रांग होती. शेठजी एका हाताने पिशवी पुढे करत, समोरची बाई ती धरी, आणि छायाचित्र निघेपर्यंत दोघे तसेच थांबत. शेठजींना हसायचे कधी हे पक्के ठाऊक होते. शिष्या दोघांचेही चेहरे येतील अशी समोर उभी राहून सराईतपणे काम करू लागली.

थोड्या वेळाने एक बाई पुढे आली. तिने पदर नाकापर्यंत ओढला होता. शिष्येच्या तोंडून सवयीने शब्द निघाले. लग्नात, बारशात, मुंजीत ती ते दिवसभर म्हणत असे.

"मावशी, पदर मागे घ्या. चेहरा दिसू द्या."

बाईने पदर मागे घेतला. त्या सगुणाबाई होत्या. त्यांनी शिष्येकडे एकदाच पाहिले. तोवर बोट खाली गेले होते आणि छायाचित्र निघाले होते. सगुणाबाई पिशवी घेऊन बाजूच्या लिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. शिष्या एकदम शरमेने कानकोंडी झाली, पण रांग थांबली नव्हती, आणि पुढची बाई पदर सावरत उभी होती.

तेवढ्यात नानांनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी शिष्येच्या हातून कॅमेरा काढून घेतला, ते रांगेच्या मागे गेले, आणि तिथून, बायकांच्या पाठीमागून छायाचित्रे काढू लागले. एकामागून एक, सगळी तशीच. पाठ, अंबाडा, पाठ, अंबाडा, आणि पलीकडे शेठजी.

शिष्या बावरली. ज्या नानांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते की पाठीचे छायाचित्र म्हणजे दार लावून घेतलेले घर, तेच नाना आज मांडवभर पाठी टिपत सुटले होते! म्हातारपणी बुद्धीला चळ लागतो म्हणतात, ते खरे की काय? ती जवळ जाऊन कुजबुजली, "नाना, अहो, एकाही बाईचा चेहरा येत नाहीये."

"दिसतंय मला," नाना म्हणाले, आणि त्यांनी पुढची पाठ टिपली.

मध्येच चहा आला. शेठजींनी हौसेने कॅमेरा मागवला आणि छायाचित्रे पाहू लागले. पाहता पाहता त्यांचे तोंड उतरले.

"नाना, ही काय थट्टा आहे? मी कुणाला देतोय ते कळायला नको?"

"तुम्ही देताय हे कळतंय ना?" नाना म्हणाले. "ते घेणारीला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. आणखी कुणाला कळायचं राहिलंय?"

शिष्येला राहवले नाही. "पण नाना, चेहरा धरायचा असं तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"शिकवलं, आणि ते खरंच आहे. चेहरा म्हणजे माणसाचं घर. पण पोरी, कुणाच्या घरात शिरायचं तर आतल्या माणसानं 'या' म्हणावं लागतं. तू बाजारात हात टिपतेस, तेव्हा फुलारीण तुला 'आज नको गं' म्हणू शकते. म्हणते सुद्धा. इथं कोण म्हणेल? चूल विझलेली आहे आणि पिशवी समोर आहे. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याचं हो धरू नये. म्हणून मी मागं गेलो. आणि मागून मला एक गोष्ट दिसली, ती समोरून तुला दिसली नसती." नानांनी कॅमेरा शेठजींपुढे धरला. "शेठजी, नीट बघा. या सगळ्या फोटोंत तुमचा चेहरा स्पष्ट आहे. तुमची नजर कुठं आहे?"

शेठजींनी पाहिले. शिष्येनेही पाहिले. प्रत्येक छायाचित्रात पिशवी एका बाईच्या हातात जात होती, आणि शेठजी तिच्या डोक्यावरून थेट कॅमेऱ्याकडे पाहून हसत होते. एकाही बाईकडे त्यांनी पाहिलेले नव्हते.

"फोटो काढताना माणूस कॅमेऱ्याकडेच बघतो, नाना. एवढं मलाही कळतं."

"मग दान कॅमेऱ्याला चाललं होतं म्हणायचं," नाना म्हणाले.

शेठजींना राग आला. मांडवात लोक ऐकत होते, आणि ऐकणारे असले की राग दुप्पट होतो. ते छायाचित्रे उलट्या क्रमाने सरकवत गेले आणि एकाएकी थांबले.

"हे बघा! हे खरं चित्र. बाईच्या डोळ्यांत पाणी, हातात पिशवी, आणि माझाही फोटो छान आलाय. ताई, हेच चौकात लावायचं. एवढं मोठं करा."

ते सगुणाबाईंचे छायाचित्र होते. लिंबाखालून सगुणाबाई तशाच पिशवी घेऊन पुढे आल्या. त्या शेठजींशी बोलल्या नाहीत. शिष्येशी बोलल्या.

"ताई, तेवढं करू नगं. मी कुणाचं फुकट खाल्लं न्हाई आजवर. आज येळ आली, आले. त्याची लाज न्हाई मला. पर चौकातनं रोज समद्या गावच्या बायका जात्यात. माझ्याकडं चुडा भरून, वाकून पाया पडून जात्यात. माझा असा हात बघितल्यावर उद्या कोण भरंल चुडा? कीव आलेलं गिऱ्हाईक बांगडी घेत न्हाई, जुनं लुगडं दितंय. काच मी पुन्यांदा उधारीवर आणीन. गिऱ्हाईक कुठनं आणू?"

शिष्येने कॅमेऱ्याकडे पाहिले. एका बाजूला हॉल होता, प्रदर्शन होते, वर्षाचे कॅटलॉगचे काम होते. दुसऱ्या बाजूला एका कासारणीचे उद्याचे दुकान होते. पदर मागे घ्या, हे शब्द तिचेच होते. ते शेठजींनी उच्चारले नव्हते. हे तिला फार लागले. आणि लागले म्हणून की काय, तिच्या मनातली सगळी भीती एकदम गेली.

"शेठजी, कॅमेरा द्या," ती म्हणाली. कॅमेरा हाती येताच तिने सगळ्यांच्या देखत एक बटण दाबले. नक्की पुसायचे का, असे कॅमेऱ्याने विचारले. तिने पुन्हा दाबले.

"अहो, काय केलंत हे! माझ्या कार्यक्रमाचा फोटो होता तो."

"कार्यक्रम तुमचा होता, शेठजी. चेहरा त्यांचा होता. मी तो न विचारता घेतला होता, तो परत केला."

"उद्यापासून कॅटलॉगला दुसरा माणूस येईल. आणि तो हॉलही विसरा."

"विसरले," शिष्या म्हणाली.

तिने कॅमेऱ्याला झाकण लावले आणि ती नानांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. शेठजींच्या तरुण पुतण्याला मात्र हे सारे पोरकट वाटले. कॅमेरा नसला म्हणून काय झाले, असे म्हणत त्याने खिशातून मोबाइल काढून रांगेवर रोखला. कुणी काही सांगितले नव्हते, कुणी खूण केली नव्हती. पण एका बाईने पदर ओढून मुकाट्याने पाठ फिरवली. मग तिच्या मागचीने फिरवली. मग सगळ्यांनीच. चुली विझलेल्या होत्या, तरी एकही बाई तोंड दाखवायला तयार नव्हती. पुतण्याने जरा वेळ मोबाइल तसाच धरला आणि मग खिशात घातला.

सगुणाबाई टेबलापाशी गेल्या. त्यांनी हातातली पिशवी शेठजींपुढे ठेवली.

"शेठ, ही घ्या आणि पुन्यांदा द्या. या खेपेला माझ्याकडं बघून द्या. मी हितं हाय."

शेठजींनी पिशवी उचलली. सवयीने त्यांची मान वर झाली आणि डोळे कॅमेरा शोधू लागले. समोर कॅमेरा नव्हता, डावीकडे नव्हता, उजवीकडे नव्हता. पाहायला एकच जागा उरली होती. शेवटी त्यांनी सगुणाबाईंकडे पाहिले, आणि पाहतच राहिले.

"बाई, तुम्हाला कुठंतरी बघितलंय मी," ते हळूच म्हणाले. "नाव काय तुमचं?"

"सगुणा कासारीण. तुमच्या सुनंला चुडा मीच भरला की. तुम्हीच पाठवलं होतं बोलावणं."

शेठजींचे हसू मावळले होते. त्यांनी पिशवी पुढे केली आणि दुसरा हातही तिला लावला. सगुणाबाईंनी ती घेतली, ताठ मानेने घेतली, आणि त्या आपल्या वाटेने गेल्या. रांगेतली पुढची बाई आता शेठजींकडे तोंड करून उभी होती. शेठजींनी तिला आधी नाव विचारले.

हॉल मिळाला नाही. कॅटलॉगही दुसऱ्याकडे गेला. शेठजी एका दिवसात संत झाले, असे काही घडले नाही. पण त्या चौकात कुणाचाही फ्लेक्स लागला नाही. शिष्या दुसऱ्या दिवशी एका बारशाला गेली. बाळाची आत्या दारातच संकोचून उभी होती. शिष्येने कॅमेरा उचलण्याआधी तिला विचारले, "ताई, काढू का तुमचा?" आत्या नको म्हणाली. शिष्येने बरं म्हटले आणि ती पाळण्याकडे वळली.

कुणाला काही देण्याची वेळ आली, तर त्याच्या चेहऱ्याकडे आपण पाहावे. तो चेहरा गावाला दाखवण्याचा अधिकार त्या पिशवीबरोबर आपल्याला मिळत नाही.