न बघता सोडून दिलेलं उत्तर

नदीकाठी वसलेल्या एका नगरात श्रीरंग नावाचा प्रोग्रॅमर राहत होता. नगराच्या वरच्या अंगाला धरण होतं. धरणाचे दरवाजे उघडायचे आणि त्याआधी काठावरचे भोंगे वाजवून लोकांना सावध करायचं, ही दोन्ही कामं श्रीरंगने लिहिलेला प्रोग्रॅम करत असे.

प्रोग्रॅमची भाषा मोठी शिस्तीची होती. तिच्यात प्रत्येक काम म्हणजे एक फंक्शन. काम झालं की फंक्शन एक उत्तर परत देई. ते उत्तर आकडा असेल, मजकूर असेल की आणखी काही, हे आधीच ठरलेलं असे. प्रोग्रॅम चालू होण्यापूर्वी कंपायलर नावाची तपासणी यंत्रणा ओळ न् ओळ तपासे आणि आलेलं उत्तर कुणी तसंच टाकून दिलेलं दिसलं की तक्रार करी.

भोंगे वाजवणारं फंक्शन किती भोंगे वाजले, तो आकडा परत देई. श्रीरंगला त्या आकड्याशी काही कर्तव्य नव्हतं. कंपायलर कुरकुर करू लागला, तेव्हा त्याने त्या ओळीला ‘सोडून दे’ हा शब्द जोडला. भाषेत तशी सोय होती. येईल ते उत्तर न बघता सोडून द्यायचं. कंपायलर गप्प झाला.

शेजारी बसणाऱ्या यमुताईंनी ते पाहिलं. त्या धरणाच्या खात्यात त्याच्याहून जुन्या होत्या.

“श्रीरंग, सोडायचं तर सोड, पण काय सोडतोयस ते लिही. ‘आकडा सोडून दे’ असं लिही. उद्या आकड्याच्या जागी भलतंच काही आलं, तर कंपायलर तुला अडवेल.”

“ताई, जे टाकूनच द्यायचंय त्याचं नाव कशाला लिहीत बसू?” श्रीरंग हसून म्हणाला, आणि ती ओळ तशीच राहिली.

पुढे भोंगे फार वेळ कोकलतात म्हणून लोक वैतागले. मग श्रीरंगने फंक्शन बदललं. आता कोणते भोंगे वाजवायचे हे तर सांगायचंच, शिवाय किती वेळ वाजवायचे हेही सांगायचं. धरणाजवळचे भोंगे वाजवायला सांगणाऱ्या ओळीत मात्र ही दुसरी गोष्ट घालायची राहून गेली.

त्या भाषेत फंक्शनला अर्धीच माहिती दिली तर ते काम करत नाही. उत्तर म्हणून ते एक नवंच फंक्शन हातात ठेवतं, उरलेल्या माहितीची वाट बघत थांबलेलं. इथेही तेच झालं. आकड्याच्या जागी हे अर्धवट काम परत येऊ लागलं, आणि ‘सोडून दे’ने तेही न बघता सोडून दिलं. कंपायलरचं तोंड आधीच बंद केलेलं होतं. उगाच भोंगे वाजवून लोकांना घाबरवायला नको म्हणून कुणी चाचणीही घेतली नाही.

उन्हाळ्यात धरणाच्या भिंतीची दुरुस्ती निघाली. भर दुपारी पाणी सोडलं गेलं. भोंगे वाजलेच नाहीत.

नदीच्या कोरड्या पात्रात साळूबाईने कलिंगडं लावली होती. ती आणि तिची मुलगी चंद्रा वेल सारखे करत होत्या. घरघर कानावर आली म्हणून साळूबाईने मान वर केली, तर समोरून पाणी येत होतं. तिने चंद्राचा दंड धरला आणि काठाकडे पळत सुटली. दोघी कशाबशा उंबराच्या झाडावर चढल्या. खुंट्याला बांधलेल्या दोन्ही म्हशी त्यांच्या डोळ्यांदेखत हंबरत वाहून गेल्या. वेल गेले, फळं गेली, झोपडी गेली.

दुसऱ्या दिवशी नगरसभा भरली. खात्याचे साहेब उठून म्हणाले, “यंत्रात बिघाड झाला. यात कुणाचा दोष नाही.”

“कुणाचाच नाही?” साळूबाई ताडकन उठली. “भोंगा वाजला नाही आणि दरवाजा तेवढा बरोबर उघडला? असला कसला तुमचा बिघाड?”

“भोंगे वाजवायची आज्ञा दिलेली होती, बाई,” श्रीरंग खालच्या आवाजात म्हणाला.

“आज्ञा दिलीस. वाजले का, ते कळायची काही सोय होती की नव्हती?”

“होती. उत्तर परत येत होतं.”

“मग?”

“मी ते बघत नव्हतो.”

सभेत एकच गलका झाला. साळूबाई ओरडली, “माझी पोर पात्रात होती, आणि तू बघत नव्हतास!”

साहेब पुन्हा बिघाडाचं बोलू लागले, तेव्हा यमुताईंचा संयम सुटला. “यंत्राच्या माथी मारू नका, साहेब! भोंगे वाजले की नाही, हे यंत्र सांगत होतं. ऐकायचं नाही, असं आपण ठरवलं होतं!”

खात्याने साळूबाईला दोन म्हशी आणून द्याव्यात, झोपडी बांधून द्यावी, आणि प्रोग्रॅम सुधारेपर्यंत दरवाजांना कुणी हात लावू नये, असं सभेने बजावलं.

श्रीरंग कामाला बसला. जिथे जिथे ‘सोडून दे’ होतं, तिथे तिथे काय सोडतोय ते त्याने लिहिलं. ‘आकडा सोडून दे’ म्हणताच कंपायलरने धरणाची ओळ अडवली: इथे आकडा येत नाही, फंक्शन येतंय. थोडं पुढे गेल्यावर आणखी एक ओळ अडली. ती खालच्या कुंभारवाड्याच्या भोंग्याची होती. तिथलाही भोंगा वाजलाच नसता. त्याने दोन्ही ओळी दुरुस्त केल्या. भोंग्यांचा आकडा तर त्याने सोडणंच बंद केलं. सगळे भोंगे वाजल्याचं उत्तर आल्याखेरीज आता दरवाजा उघडत नसे.

पुढच्या खेपेला पाणी सोडायच्या आधी भोंगे वाजले. लोक वेळेवर पात्राबाहेर आले. श्रीरंग काठावर येऊन उभा होता. साळूबाई त्याच्याजवळून जाताना थांबली.

“वाजला खरा,” ती म्हणाली. “पण हे करायला माझ्या म्हशी बुडायला हव्या होत्या का रे?”



यातून घ्यायचं तात्पर्य असं: सांगितलेल्या कामाचं जे उत्तर येतं, ते टाकायला हरकत नाही, पण काय टाकतोय हे ठाऊक असेल तरच टाकावं, आणि ज्या उत्तरावर कुणाचा जीव अवलंबून आहे, ते कधीच टाकू नये.