पाटीवरचा आकडा

टेकवाडी नावाच्या एका गावात हरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरत नसे. गावाला त्याचाच त्रास होता.

टेकवाडी पाहायला लांबून लोक येत. गावात आठशे वर्षांची जुनी बारव होती आणि टेकडीवर दगडी देऊळ होतं. आलेल्यांना माहिती सांगायला सरपंच दाजीबांनी हरबाला नेमलं.

हरबाची बायको गोजरा म्हणाली, "अहो, एवढं काम तरी टिकवा. घरात पाळणा हलायचाय."

"टिकवतो," हरबा म्हणाला.

पहिल्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ आले. वही उघडून त्यांनी विचारलं, "गावची लोकसंख्या किती?"

"सकाळी तीनशे बेचाळीस होती," हरबा म्हणाला. "मग तिघं बाजाराला गेले. कुंभाराची लेक माहेरी आली. आता ती तिकडची धरायची की इकडची? थांबा, विचारून येतो."

तो घरोघर विचारत फिरला. गृहस्थ पेन उघडं धरून बसले. त्यांची एसटी निघून गेली.

सरपंच म्हणाले, "अरे शहाण्या, गेलेला माणूस परत येतो, त्याला धरायचं. आलेला पाहुणा परत जातो, त्याला सोडायचं. आणि इतकं बारीक कशाला? गोल आकडा सांगावा."

"बरं," हरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एक मास्तर आले. त्यांनी विचारलं, "बारवेला पायऱ्या किती?"

पायऱ्या होत्या अठ्ठेचाळीस. त्याखाली पाणी.

"पन्नास," हरबा म्हणाला.

मास्तर भिंतीवरचे हत्ती, मोर बघत, मान वर करून, मोजत उतरले. शेहेचाळीस. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नासला पाय पाण्यात गेला. पन्नास म्हणायला तोंड पाण्याबाहेर नव्हतं.

चौघांनी दोर टाकून त्यांना वर काढलं. हरबा त्यांचं धोतर पिळून देत म्हणाला, "मोजणी बरोबर चालली होती तुमची."

सरपंचांनी कपाळावर हात मारला. "गोल आकडा सांगू नको रे बाबा! आधी स्वतःच्या पायाने मोज, मग तोंड उघड."

"बरं," हरबा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी एक नवं जोडपं आलं. टेकडीवरचं देऊळ समोर दिसतच होतं. नवऱ्याने सहज विचारलं, "किती लांब आहे हो?"

हरबा तोंड मिटून चालू लागला. जोडपं चिंचेखाली बसलं. शेंगदाणे संपले. बोलणं संपलं. थोडं भांडणही झालं. तेव्हा कुठे हरबा घामाने निथळत परत आला.

"चढताना दोन हजार एकशे सात पावलं," तो म्हणाला. "उतरताना एकोणीसशेच भरली. पुन्हा एकदा बघून येतो."

आता मात्र सरपंच चिडले. त्यांनी वेशीवर मोठी काळी पाटी लावली. पांढऱ्या रंगाने लिहिलं: बारवेच्या पायऱ्या ४८. देऊळ दोन हजार पावलं. लोकसंख्या ३४२.

"हे बघ हरबा. आता मोजायचं नाही. इथे लिहिलंय तेच गावात असलं पाहिजे. एकाचा जरी फरक पडला, तर तुझं काम गेलं."

"बरं," हरबा म्हणाला.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. हरबा रोज पाटी पुसायचा आणि पाहुण्यांना बोटाने दाखवायचा. गोजराही खूश होती.

मग एके दिवशी तालुक्याहून एक बाई आल्या. मुसाफिरांसाठी त्या माहितीचं पुस्तक लिहीत होत्या. त्यांना आणायला सरपंच वेशीवर गेले, तर वेशीबाहेर वाकळ अंथरून हरबा बसलेला. शेजारी तांब्या. डोळे गावाकडे लागलेले.

"इथे काय करतोस?" सरपंचांनी विचारलं.

"सकाळी मुलगी झाली मला."

"अरे वा! मग घरी जा की. पोरगी बघितलीस का?"

"नाही. ती आली आणि गाव तीनशे त्रेचाळीस झालं. म्हणून मी बाहेर आलो. काम टिकवायचंय."

"अरे, पण संध्याकाळी परतशील ना?"

"परतणाऱ्याला धरायचं असतं," हरबा म्हणाला. "म्हणून तर अंथरूण आणलंय."

बाईंनी पदर तोंडाला लावला. सरपंचांनी शेजारच्या घरून चुन्याची डबी आणली, बोट बुडवलं आणि पाटीवरच्या दोनाचा तीन केला.

"झालं समाधान? तीनशे त्रेचाळीस! तुझं काम कुठे जात नाही. आणि आता या आकड्याला मी पुन्हा हात लावणार नाही, सांगून ठेवतो!"

हरबाचा चेहरा उजळला. त्याने वाकळ गुंडाळली, तांब्या उचलला, वेशीत पाय टाकला.

एवढ्यात यमूआत्या सुईण पदर खोचून धावत आली.

"हरबा! अरे, मागून मुलगा आला! जुळं झालंय!"

हरबा थांबला. त्याने पाटीकडे पाहिलं. सरपंचांकडे पाहिलं. मग वाकळ पुन्हा उलगडली, नीट अंथरली, तिच्यावरचा खडा काढून टाकला आणि तांब्या शेजारी ठेवला.

"सरपंच, आता तुम्ही बसा," तो म्हणाला. "मी सकाळपासून बसलोय. मला पोरं बघायचीत."

आणि तो घराकडे पळत सुटला.

बाईंचं पुस्तक पुढे छापून आलं. त्यात टेकवाडीची लोकसंख्या दिली आहे. गावात तीनशे त्रेचाळीस, वेशीबाहेर एक.