गुंडिबाचा पत्ता

एका गावात एक भोळा गडी होता. भोळा हे आपलं लिहायला बरं म्हणून. गावात त्याला जे म्हणायचे ते इथं लिहून कागद कशाला बाटवा?

त्याचं नाव गुंडिबा. गाव कुसळवाडी. घरात तो आणि त्याची आई बायजा. शेत होतं, म्हैस होती, डोक्यावर पत्रा होता. सून तेवढी नव्हती. बायजाच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. "एकदा सून बघू दे रं बाबा, मग मी डोळं मिटायला मोकळी," असं ती येताजाता म्हणायची.

गुंडिबाचे दाजी, म्हणजे बहिणीचा नवरा सर्जेराव, तालुक्याला मोबाइलचं दुकान चालवायचे. त्यांनी गुंडिबाच्या गळ्यात एक फोन बांधला. फोन विचारायचा, नाव काय? गुंडिबा सांगायचा. गाव काय? सांगायचा. वय काय, घरी कोण, दुखतं कुठं? सगळं सांगायचा. विचारणाऱ्याला उत्तर दिलं नाही तर माणूस उद्धट ठरतो, ही बायजाची शिकवण.

पुढं गुंडिबाला गजकर्ण झालं. त्यानं फोनलाच औषध विचारलं. गजकर्ण गेलं. फोन काही ते विसरला नाही.

एक स्थळ आलं. मुलीचा मामा म्हणाला, "शेताचा फोटो असंल तर दाखवा." गुंडिबानं फोन हातात दिला. फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "गजकर्णानं हैराण आहात? लाजू नका!"

पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. मामानं जाताना हौदावर हात धुतले. साबण मागून धुतले.

बायजा रडत तालुक्याला गेली आणि गुंडिबाला दाजींपुढं उभं केलं. दाजी खुर्चीत रेलले. शिकवायला मिळालं की ते जेवण विसरायचे.

"अरे, माणसानं झाकून वागावं. नाव, गाव, पत्ता अनोळखी माणसाला सांगायचा न्हाई. फारच मागं लागला तर खोटं सांगायचं."

"बरं," गुंडिबा म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात आंबेघरचे श्रीपतराव मुलीसाठी स्थळ बघायला आले. एस.टी.तून उतरले. पारावर गुंडिबाच बसलेला.

"पाव्हणं, गुंडिबाचं घर कुठं आलं?"

"असा माणूस ह्या गावात न्हाई."

"न्हाई कसा? बायजाबाईचा ल्योक."

"बायजाबाई माझी आई."

"मग गुंडिबा तूच की!"

"मी न्हवं."

"मग तू कोण?"

गुंडिबानं इकडं तिकडं बघितलं. समोर शेजारचा दगडू म्हैस धूत होता. दगडूही बिनलग्नाचाच, पण त्याला कुणी काही शिकवलेलं नव्हतं.

"मी दगडू," गुंडिबा म्हणाला. "आणि हे कुसळवाडीबी न्हवं."

श्रीपतरावांनी वर पाटी बघितली. पाटीवर कुसळवाडी. त्यांनी गुंडिबाकडं बघितलं, पुन्हा पाटीकडं बघितलं, आणि त्याच गाडीत चढून बसले.

दाजींनी कपाळ बडवून घेतलं. श्रीपतरावांना फोन केला. पोरगा थट्टेखोर आहे, मनाचा निर्मळ आहे, असली शंभर नंबरी थाप मारली आणि मुलगी बघायचा दिवस ठरवला. मग गुंडिबाला धरलं.

"शहाण्या, माणसाला खरं नाव सांगायचं. खोटं फोनवर!"

"आधी बोलला न्हाईत."

"आता बोलतो. आणि आणखी एक. आपण कुठं गेलो, काय बघितलं, ह्याचा माग ठेवायचा न्हाई. बघून झालं की मागचं सगळं पुसून काढायचं. जसं काय आपण तिथं गेलोच न्हाई."

"बरं," गुंडिबा म्हणाला.

आंबेघरला श्रीपतरावांचं अंगण सारवलेलं, दारात ही एवढी रांगोळी. मुलगी बाहेर आली. नाव नंदा. पोहे आले. गुंडिबानं मुलगी बघितली, पोहे खाल्ले. मग उठला, बशी घासली, पाट पालथा घातला, लिंबाचा डहाळा मोडला आणि उलटा चालत अंगण झाडत निघाला. स्वतःची पावलं पुसली. दाजींची पुसली, आईची पुसली. रांगोळीवर त्याचा पाय पडला होता, म्हणून रांगोळीही पुसली.

श्रीपतराव उठले. "अरं ए, काय चाललंय?"

"बघून झालं," गुंडिबा झाडता झाडता म्हणाला.

दाजींनी तोंड फिरवलं. आता हेही स्थळ गेलं म्हणून बायजानं पदर डोळ्याला लावला. तेवढ्यात आतून नंदाच्या आईचा आवाज आला, "अगं बया! जावई झाडतोय!"

त्या घरात बापय माणसानं झाडू धरलेला कुणी बघितला नव्हता. श्रीपतरावांना तर खराटा कुठं ठेवतात हेही ठाऊक नव्हतं. नंदा खांबाआडून हसत म्हणाली, "मला चालतंय."

असं ते जमलं. मूर्खाचं कधी कधी जमतं, शहाणे बघत बसतात.

वाटेत दाजी म्हणाले, "पुसायचं ते फोनमधलं, अंगणातलं न्हवं."

"आधी बोलला न्हाईत."

"बरं, आता नीट ऐक. फोन सारखा काहीतरी विचारतो. तुमचं फोटो बघू का, तुम्ही कुठं हाय ते बघू का. खाली लिहिलेलं असतं, मान्य हाय का? लोक न वाचता हो म्हणतात आणि मरतात. तू हो म्हणायचं न्हाई. काय बी विचारू दे, नको म्हण."

"बरं," गुंडिबा म्हणाला.

साखरपुड्याला सगळं आंबेघर लोटलं. भटजींनी विचारलं, "मुलगी पसंत आहे ना?"

"नको."

भटजींना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "सोयरीक मान्य आहे ना?"

"नको."

"टोपी घाला डोक्यावर."

"नको."

नंदाचा चुलता बाह्या सारत उठला. "मग आलास कशाला रं? जेवायला?"

"नको," गुंडिबा म्हणाला. हे म्हणताना मात्र त्याच्या जिवावर आलं.

नंदाच पुढं झाली. "ओ, मी नको का तुम्हाला?"

"तुम्ही पाहिजे की."

"मग नको काय?"

"विचारतात ते."

"मग विचारूच नका हो त्यांना," नंदा भटजींना म्हणाली. "नारळ द्या हातात आणि मोकळं व्हा."

पोरगी खमकी होती. बायजानं तिथंच तिच्यावरून बोटं मोडली. अशी सून मिळाली तर घर राखील, गुंडिबालाही राखील. तिचा सगळा जीव आता त्या लग्नात अडकला.

दाजींनी आता गप्प बसावं की नाही? पण ज्याला शिकवायची खाज, त्याला मलम नाही. लग्नाच्या तयारीत गुंडिबा फोनवर बाशिंगं बघत होता, शालू बघत होता, मांडव बघत होता. ते बघून दाजी म्हणाले, "सगळ्यात पक्की युक्ती तुला सांगितलीच न्हाई. आपण स्वतः जायचंच न्हाई."

"मग?"

"मधी दुसरा घालायचा. आपल्या जागी तो जातो. समोरच्याला दिसतो तो, आपण न्हाई. तिथं जे मिळंल ते तो गुमान आणून आपल्या हातात देतो. आपलं तोंड कुणाला दिसत न्हाई, आपला पत्ता कुणाला लागत न्हाई." फोनवरच्या ह्या युक्तीला इंग्रजीत काहीतरी नाव आहे. दाजींनी ते तीनदा सांगितलं. गुंडिबाला एकदाही कळलं नाही. युक्ती तेवढी कळली.

"बरं," गुंडिबा म्हणाला.

लग्नाचा दिवस उजाडला. वाजंत्री वाजली. नवरदेव मांडवात आला. डोक्याला हे एवढं बाशिंग, त्याच्या फुलांच्या माळा छातीपर्यंत. बाशिंगामागं माणूस आहे की मडकं, कळायची सोय नाही. भटजींनी अंतरपाट धरला. बायजाच्या डोळ्यांत पाणी, तिला काही दिसेना. दाजी आचाऱ्याला शिकवत होते, त्यांनी बघितलं नाही. मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. अंतरपाट सरकला. हार पडले, मंगळसूत्र झालं, सात पावलं झाली. नवरदेव गरीब गाईसारखा म्हणतील तसं करत होता. एकदाही नको म्हणाला नाही. बायजाला वाटलं, देवानं बुद्धी दिली.

बायकांनी गलका केला, "नाव घे! नाव घे!"

नंदानं नाव घेतलं:

"पुसली रांगोळी, पाऊल न्हाई उरलं अंगणात,
गुंडिबारावांचं नाव घेते भरल्या मांडवात."

बाशिंगाआडून आवाज आला, "ओ बाई, चुकलं. मी दगडू."

माळा बाजूला केल्या. शेजारचा दगडूच तो. घामानं निथळत होता.

"अरं भाड्या, तू हितं कसा?" बायजा ओरडली.

"गुंडिबानं धाडलं की, काकू. म्हणाला, माझ्या जागी तू जा, बोलू नको, तिथं जे मिळंल ते घे आणि मला आणून दे." त्यानं नंदाकडं बघितलं. "आता ह्यांना नेऊन देऊ का?"

"मी काय बुंदीचं ताट हाय व्हय, नेऊन द्यायला?" नंदा म्हणाली.

सगळे गुंडिबाला शोधत पळाले. गुंडिबा पंगतीत होता. शेवटच्या ओळीत, दुसऱ्याची टोपी कानापर्यंत ओढून, वांग्याचं भरीत हाणत होता.

"गुंड्या!" दाजी किंचाळले. "तुझं लगीन लागलं तिकडं!"

गुंडिबानं तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला, दाजी. अजून कुणी वळखलं न्हाई."

श्रीपतराव मटकन खाली बसले. भटजी म्हणाले, लागलं ते लागलं. चुलता म्हणाला, मोडा. सगळे एकदम बोलत होते. नंदानं सगळ्यांना गप्प केलं आणि दगडूला विचारलं, "झाडता येतं का?"

"गोठा रोज मीच झाडतो."

"नाव खरं सांगता का?"

"आत्ता सांगितलं की."

"मग चला," नंदा म्हणाली.

बायजाची सून अशी शेजारी गेली. रोज सकाळी बायजा दारात बसते. शेजारच्या अंगणात दगडू झाडतो, नंदा रांगोळी घालते. बायजा बघते आणि दाजींना शिव्या देते. त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत, पण योग्य आहेत.

फोनला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं बाशिंग बघितलं होतं, शालू बघितला होता, मांडव बघितला होता. लग्न झालंच असणार असं धरून तो गुंडिबाला पाळणे दाखवायला लागला. सागवानी पाळणे, चिमण्यांचे पाळणे. गुंडिबा रोज बघायचा आणि गालात हसायचा.

वर्ष सरलं आणि दगडूच्या दारात पाळणा उतरला. सागवानीच. त्याला चिमण्याही होत्या. बायजा पदराचा बोळा तोंडात धरून बघत राहिली.

गुंडिबा फोन घेऊन धावत आला.

"बघितलंस का आई? हा फोन एवढा माझ्या मागं लागला होता. शेवटी पत्ता चुकलाच की न्हाई त्याचा?"