वीतभर वाकळ

"म्हणजे हिच्यात नक्की कमी काय आहे?" शाल्मलीनं विचारलं. "एवढं तरी सांगा, अक्का."

गिरजाक्का सुईत दोरा ओवत होत्या. ओवत राहिल्या.

मोठ्या माणसांचं हे बरं असतं. प्रश्न अडचणीचा आला की त्यांना नेमकं सुईचं भोक दिसेनासं होतं.

"अक्का..."

"दिसतंय."

"दोरा?"

"तुझी वाकळ. दिसतंय सगळं."

पंधरा दिवसांपूर्वीही त्या हेच म्हणाल्या होत्या.

मिरजेच्या पुढं, ओढ्याकाठच्या त्या गावात गोधडीला वाकळ म्हणतात. गिरजाक्कांच्या हाताखाली तिथं बारा जणी वाकळा शिवतात. वर्षातून एकदा त्या एक खेळ मांडतात. डब्यातून चिठ्ठी काढायची, तिच्यात निघेल तो विषय घ्यायचा आणि प्रत्येकीनं त्यावर वीतभर वाकळ शिवायची. पांघरायला नव्हे, भिंतीवर लावायला. अक्का 'चालंल' म्हणाल्या तरच ती सांगलीच्या प्रदर्शनाला जाते.

यंदा चिठ्ठीत निघालं होतं, ऊब.

अकरा वाकळा झाल्या होत्या. राहिली होती शाल्मलीची. चित्रकलेची पदवी घेतलेली, पुण्यातली नोकरी सोडून इथं शिकायला आलेली ही एकटीच. टेम्पो उद्या दुपारी निघणार होता. वाकळ त्यात गेली नाही तर आपणही इथं राहायचं नाही, संध्याकाळची गाडी धरायची, असं तिनं ठरवून टाकलं होतं. पिशवी भरूनही ठेवली होती.

पहिली वाकळ तिनं लाल-केशरी चिंध्यांची केली होती. चूल, सूर्य, आईची मांडी. अक्का म्हणाल्या, दिसतंय.

दिसायला नको असेल, असं समजून तिनं दुसरी पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्यानं शिवली. चूल नाही, सूर्य नाही. एका इंचात चौदा टाके. सोबत दोन पानांचं टिपण.

आणि आज पुन्हा, दिसतंय.

"अहो, यात दिसण्यासारखं काहीच नाहीये!"

"त्येच दिसतंय."

ओसरीच्या टोकाला शेवंता खुदकन हसली. शेवंतानं अंड्यांवर बसलेली कोंबडी शिवली होती. अक्कांनी ती एकदाच बघून बाजूला ठेवली होती. चालंल.

"हसतेस काय? तुझी कोंबडी काय अदृश्य आहे?"

"माझी कोंबडी झ्याक दिसती," शेवंता म्हणाली. "अंडी बी दिसत्यात. मोज."

"मग हिची चालते, माझी का नाही?"

"हिच्यात कोंबडी दिसती," अक्का म्हणाल्या. "शेवंता कुठं दिसती?"

शाल्मलीनं शेवंताकडं बघितलं. मग कोंबडीकडं. मग आपल्या हातातल्या पांढऱ्या चौकोनाकडं...

काही कळलं नाही.

"म्हणजे मी माझं असं काही घालायचंच नाही का?"

"घाल की."

"आत्ताच तर तुम्ही म्हणालात..."

"म्या कुठं काय म्हनलं?"

शेवंता पुन्हा हसली. शाल्मली चपला पायात सरकवून निघून गेली. डाव्या पायातली चप्पल उजव्यात गेली होती, ते तिला वेशीपाशी समजलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो यायच्या तासभर आधी ती आली. बाकीच्या सगळ्या ओसरीवर जमल्या होत्या. अकरा वाकळांची चळत एका जुन्या धोतराच्या पानावर रचलेली होती. गाठ मारायची तेवढी बाकी होती.

तिनं अक्कांच्या पुढ्यात एक जाड, वेडावाकडा चौकोन टाकला.

"घ्या. हे शेवटचं."

विटक्या, मातकट ओढणीचा तुकडा. चारी बाजूंनी धावदोरा, तोही तिरका. मध्ये चित्र नाही, नक्षी नाही. एका कोपऱ्यात गाठ वरच राहिलेली.

"पोतेरं आणलंस व्हय गं!" शेवंता म्हणाली.

कुणी हसलं नाही, कारण तसंच दिसत होतं.

अक्कांनी ती उचलली. दोन्ही तळव्यांत दाबली.

"आत काय हाय?"

"आधीच्या दोन्ही."

"कापल्यास?"

"कापल्या. सकाळी. एक उभी, एक आडवी. तुकडे एकावर एक रचले आणि शिवून टाकले. सुई जात नव्हती, दातांनी ओढली. विचार केला नाही. टाके मोजले नाहीत. टिपणही नाही. आता बोला काय दिसतंय ते."

अक्कांनी वाकळ उलटी करून बघितली.

"आमच्यात बी," त्या म्हणाल्या, "जुनी वाकळ फाटली की नव्या वाकळंच्या पोटात घालत्यात."

"माझ्या फाटल्या नव्हत्या."

"न्हाई?"

आत चुलीवर चहा उतू जाण्याचा आवाज आला.

अक्का उठल्या. वाकळ त्यांच्या हातातच होती. तेरा जणींचा चहा, भली मोठी तपेली. अक्कांनी उजव्या हातानं सांडशीत काठ धरला. डाव्या तळव्यावर शाल्मलीची वाकळ पसरली. आणि तो तळवा, जाळावरून नुकत्याच उतरवलेल्या तपेलीच्या बुडाखाली घातला.

"अक्का! काय करताय!"

अक्का चालत बाहेर आल्या. स्वयंपाकघराच्या दारातून, उंबऱ्यावरून, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकेकीच्या पुढ्यात थांबून, तपेली कलती करून, कप भरत गेल्या. घाई केली नाही. हात हलला नाही. शेवंतानं कप तिरका धरला तर म्हणाल्या, "सरळ धर, सांडंल."

तेरावा कप त्यांनी स्वतःचा भरला. मग तपेली खाली ठेवली.

वाकळेवर बुडाचा काळा गोल उमटला होता. कडेला ओढणी करपून तपकिरी झाली होती. जळक्या सुताचा वास येत होता.

अक्कांनी वाकळ दोनदा झटकली. अकरा वाकळांच्या चळतीवर ठेवली.

"चालंल," त्या म्हणाल्या, आणि धोतराची टोकं गोळा करायला लागल्या.

शाल्मली पुढं झाली. तिनं ती करपलेली वाकळ ओढून काढली.

"नाही. असं नाही चालायचं."

"अगं, चालंल म्हणाल्या न्हवं!" शेवंता म्हणाली. "घे की गप."

"गप का घेऊ? स्वच्छ होती तेव्हा चालली नाही. चौदा टाके होते तेव्हा चालली नाही. आता हिचं पोतेरं झालं, जळली, तर चालते? दया करताय माझ्यावर? की गंमत?"

"चा घे," अक्का म्हणाल्या.

"नको मला चहा. कारण पाहिजे. दरवेळी एक शब्द टाकता आणि मी घरी जाऊन त्याचा अर्थ लावत बसते. काढू का चित्र, नको काढू? घालू का जीव, नको घालू? आज कारण कळलं नाही तर ही टेम्पोत जाणार नाही. आणि मी पण राहणार नाही."

तिचा आवाज शेवटी फाटला. ते तिला आवडलं नाही.

ओसरीवर कुणी कप खाली ठेवेना. बाहेर टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पुन्हा दिला.

अक्का फुंकर मारून चहा पीत होत्या.

"बरं," शाल्मली म्हणाली. आता ती हळू बोलत होती, खरंच विचारत होती. "सगळं राहू द्या. एवढंच सांगा. त्या अकरा तिथंच होत्या, हाताच्या अंतरावर. चांगल्या, तुम्ही स्वतः पसंत केलेल्या. पदर होता. चुलीपाशी पोतेरं होतं. तपेलीखाली माझीच का घेतलीत?"

अक्कांनी कप ठेवला. डावा तळवा उघडून उजेडात धरला, उलटसुलट करून बघितला. कुठं चटका बसला नव्हता. लुगड्याला पुसला.

"हात माझा व्हता, पोरी."