दहा पावलांची जागा

माणसानं कुरणांना कुंपण घातलं नव्हतं, त्या काळातली गोष्ट. माळावरच्या एकुलत्या एका पाणवठ्यासाठी दोन एडक्यांची टक्कर ठरली. हरेल त्यानं कळपासकट माळ सोडायचा. डोंब्या एडक्यानं एकाच धडकेत बाभळीचं खोड चिरलं होतं. कोशा मात्र हडकुळा, आणि इतका संशयी की रोजचं पाणीसुद्धा हुंगून प्यायचा.

आदल्या दिवशी डोंब्या आपणहून भेटायला आला. "कोशा, तू पडलास किरकोळ अंगाचा. उद्या मी दहा पावलं मागे सरून उभा राहीन. तुला मोकळी जागा हवी ना!"

"किती भला आहे हा!" कोशाच्या पाठीवरची साळुंकी म्हणाली.

"म्हणूनच भीती वाटते," कोशा म्हणाला. तो त्या बाभळीपाशी गेला. चिरलेल्या खोडापासून डोंब्याच्या खुरांचे ठसे हुंगत मागे मागे चालला. बरोबर दहाव्या पावलावर माती खोल उकरलेली होती. धाव तिथूनच सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी कोशा थेट डोंब्याच्या कपाळाला जाऊन चिकटला. डोंब्या मागे सरला की हा पुढे सरे.

"भित्र्या, लांबून ये की!" डोंब्याचा कळप ओरडला. कोशा कपाळापासून हटला नाही. दुपारपर्यंत मागे सरता सरता डोंब्याचे पाय पाणवठ्याच्या चिखलात रुतले.

"जरा लांब हो," तो धापा टाकत म्हणाला, "मला जागा दे."

"काल तर मला म्हणालास, 'तुला मोकळी जागा हवी ना!'" कोशा म्हणाला.